चौकटीतले चौदा

काशी, ११ जुलै २०२४

ती. आत्या,

पाया पडते. आत्ताच पडून घेते, कारण पुढचं वाचलंस की तू पाय मागे ओढशील.

तुझा वर्ग मला मिळाला. नववी, इंग्रजी, जिन्यालगतची तीच खोली, जिथे तू एकतीस वर्षं शिकवलंस. फळ्याशेजारी तुझा सत्काराचा फोटो अजून टांगलेला आहे. पोरं मात्र अकराच. पहिल्या दिवशी कपाट उघडलं तर आत तीन छड्या. बाहेर नेऊन चहावाल्याला दिल्या, भट्टीत घाल म्हटलं. मग पोरांना विचारलं, तुम्हाला इंग्रजीचा तास कसा हवा? पर्चीवर लिहा, नाव घालू नका.

आत्या, पोरं माझ्याकडे बघतच राहिली. आजवर कुणी विचारलेलंच नाही ग! मग हळूहळू पर्च्या आल्या. पाच जणांचं एकच, 'मार नको.' एकाचं, 'चूक झाली तर मधे तोडू नका, वाक्य पूर्ण होऊ द्या.' एकावर नुसतं 'समोसा'. आणि एक अशी: 'मॅडमजी, इंग्रजी आमच्या घरी कुणालाच वाचता येत नाही. मग जे खरं आहे ते इंग्रजीतच लिहिलं तर?'

मी तेच उचललं. दर शनिवारी प्रत्येकाने एक खरं पान लिहायचं. ते मी वाचायचं आणि कुठे बोलायचं नाही. शाळेचा जुना नियम तुला ठाऊकच आहे, शनिवारी वही, इथली 'कॉपी', घरी जाते, पालकांची सही होऊन सोमवारी परत येते. शार्दूल म्हणून एक आहे, त्याने लिहिलं की आजोबा देवाचे पेढे चोरून खातात. खाली आजोबांची झोकात सही! पोरं हसून लोळली.

सगळीच पानं हसण्यासारखी नाहीत. रुची म्हणून मुलगी आहे, आपल्याच काशीकर मराठी लोकांतली. तिने लिहिलंय, 'बाबा आईला लोखंडाने मारतात. मग हात धुतात आणि जेवायला बसतात.' मी बाजूला घेऊन विचारलं तर घाबरलीच. म्हणाली, "मॅडम, वो इंग्लिश में है. किसी से कहना मत." नियम म्हणजे नियम. मी खाली 'व्हेरी ब्रेव्ह' लिहिलं.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून नाही, तुझ्या पत्रातल्या शिव्या वाचायला मजा येते म्हणून लिहिते. पाठव.

तुझी निवेदिता

◆

नागपूर, १९ जुलै २०२४

चि. निवेदिता,

आशीर्वाद राखून ठेवलेत. परीक्षेचा निकाल लागल्यावर बघू.

पोरांना विचारून शिकवायचं? उद्या घोड्याला विचारून लगाम घाल. अग, मी चौथीच्या पोरालासुद्धा कधी 'काय हवं' विचारलं नाही, आणि माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज बँकेत साहेब आहेत. एकाच्या पाठीवर माझा रूळ मोडला, तर दुसऱ्या दिवशी त्याचा बाप नवा शिसवी रूळ घेऊन दारात हजर. "बाई, थांबू नका," म्हणाला. तो रूळ अजून माझ्याकडे आहे, इथे यज्ञेशच्या घरी कपाटात. सूनबाई त्याने पडद्याची दोरी सोडवते.

छड्या जाळल्यास ते एक वेळ सोडून देते. पण घरातला उकिरडा कागदावर आणून परत त्याच घरी सहीला पाठवतेस, ही कुठली अक्कल? घरी इंग्रजी येत नाही हे तुला कुणी सांगितलं? त्या पोरांनीच ना? त्या मुलीच्या बापाचं नाव काय ते आधी कळव.

आत्या

◆

काशी, ६ ऑगस्ट २०२४

ती. आत्या,

हरलीस! घरी इंग्रजी येतं, आणि तरीही आभाळ कोसळलं नाही.

रुचीच्याच कॉपीचं झालं. दर वेळी तिची आई, नंदा, वेडीवाकडी सही करते. या शनिवारी वडिलांची सही आहे, विश्वजीत. रामनगरला लोखंडी जाळ्या आणि फाटकं बनवायचा कारखाना आहे त्यांचा, आणि सगळा मोहल्ला त्यांना दहावी नापास म्हणून ओळखतो. पण माणूस शिकलेला आहे ग. अख्खं पान लाल शाईने तपासलंय, आणि इतकं सुंदर, मला जमणार नाही. तुला झेरॉक्स पाठवते आहे, बघ. प्रत्येक चुकीभोवती गोल, गोलाला आकडा, पानाच्या तळाशी चौकट आणि चौकटीत बेरीज, चौदा. एकही चूक सुटलेली नाही. पान कशाबद्दल होतं? तेच, बापाच्या मारण्याबद्दल. आणि बापाने वाचून चुका तेवढ्या सुधारून दिल्या! मला वाटतं माणूस शरमला असावा. पहिल्यांदा कुणीतरी घरी वाचलं.

रुची काल-आज आलेली नाही. ताप आहे, असं शेजारचा शार्दूल म्हणाला. कॉपी त्यानेच आणून दिली.

निवेदिता

◆

नागपूर, १० ऑगस्ट २०२४

निवेदिता,

यज्ञेशला तुझ्या फोनवर निरोप टाकायला सांगितलाय, हे पत्र मागून येईल. निरोप वाचलास की असशील तशी त्या घरी जा. एकटी जाऊ नकोस.

ते गोल माझे आहेत. ती चौकट माझी आहे. एक चूक, एक रूळ, बोटांच्या उलट्या बाजूवर. चौकटीत किती मारायचे तो आकडा असायचा. मारून झाल्याशिवाय मी सही करत नसे. विश्वजीत माझ्याकडे नववीत होता, आणि त्याला इंग्रजी येतं. फार चांगलं येतं.

पोरीला ताप नाही. जा.

आत्या

◆

काशी, १४ ऑगस्ट २०२४

आत्या,

डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही, अक्षर वाकडं येईल.

निरोप मिळाला तेव्हा दुपारचा तास चालू होता. तशीच निघाले, शार्दूल पुढे. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत घर आहे. नंदाने दार चार बोटं उघडलं. तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता. आत रुची जमिनीवर पडलेली, उजव्या हाताला हळद आणि जुनं फडकं. फडकं सोडलं तर बोटं ओळखू येईनात. काळीनिळी, मनगटापर्यंत सूज, आणि वास मारत होता. सात दिवस, आत्या! सात दिवस ती तशी पडून होती आणि मी तुला 'हरलीस' लिहीत होते. मला बघून काय म्हणाली माहितेय? "मॅडम, चौदा थे. मैंने गिने. बीच में रुके नहीं."

लोखंडी चौकोनी सळईने मारलं. आधी पान तपासलं, मग तिला आकडा मोठ्याने वाचायला लावला, मग हात चौरंगावर ठेवायला सांगितलं. नंदा आड आली तर तिला भिंतीवर आपटलं. मग हात धुऊन जेवला.

मी पोरीला उचललं आणि जिन्यावर विश्वजीतच समोर. कुणीतरी कळवलं असणार. त्याने मला केसाला धरून दाराच्या चौकटीवर आदळलं. डोळ्यावर सात टाके पडलेत. शार्दूल त्याच्या हाताला चावला, त्याला लाथ बसली. आणि मग नंदाने, जी आजवर हूं की चूं करत नव्हती, चुलीवरचा तापलेला तवा उचलून त्याच्या खांद्यावर हाणला. तो किंचाळला तेवढ्यात आम्ही खाली पळालो.

हॉस्पिटलात तिच्या मधल्या बोटाची दोन पेरं कापावी लागली. सडली होती. बाकीची वाचतील, पण पेन धरता येईल की नाही ते सांगत नाहीत.

आता ऐक. पोलिसांना विश्वजीतने सांगितलं, पोरगी घाटाच्या पायरीवरून पडली. नंदाही तेच म्हणाली. तवा मारणारी बाई चौकीवर मान खाली घालून म्हणते, "घाट पे गिरी थी." दारोगा म्हणतो, लाल गोलांनी काय सिद्ध होतं, मास्तर लोक काढतातच. आईबाप एक बोलतात तर मुलीचं कोण धरणार? मी 'लोखंडाने मारतात' वालं पान पुढे केलं, तर विश्वजीत हसला. म्हणाला, "शाळेत हेच शिकवतात, आईबापाची बदनामी." मग आपला उजवा हात माझ्यासमोर धरला. मधलं बोट वाकडं आहे, बघितलं आहेस ना? "ही पद्धत तुझ्या आत्याची. माझ्या बोटाचं तिलाच विचार."

विचारते.

एक सप्टेंबरला रुचीला घरी सोडणार आहेत. त्याच घरी. त्याच्या आदल्या दिवशी शाळा समितीची बैठक आहे, माझ्याविरुद्ध त्याने तक्रार दिली आहे. अध्यक्ष ढुंढिराजकाकाच, तुझ्या वेळचे हेडमास्तर. दारोगा म्हणतो, चौकटीतल्या आकड्याचा अर्थ शाळेतलं कुणी जबाबदार माणूस लिहून देईल तर मी हात घालतो. तो अर्थ तुझ्याशिवाय शाळेतलं कुणी लिहून देणार नाही.

निवेदिता

◆

नागपूर, १९ ऑगस्ट २०२४

चि. निवेदिता,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवले नाही. पोरीला इथे घेऊन ये. मी सांभाळीन, चांगला डॉक्टर बघू. खरंच ये.

पण लिहून कशाला मागतेस? मारत तर सगळेच होते. आमच्या वेळी न मारणाऱ्या मास्तराला पालक विचारायचे, पगार कशाचा घेता? आता मला चौऱ्याहत्तर संपलं. यज्ञेशच्या मुलीचं लग्न बोलण्यात आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगीच नाही.

विश्वजीतचं बोट घाटाच्या पायरीवर मोडलं. पोरं पडतात घाटावर. ढुंढिराजना विचार, त्यांनी तेव्हा रजिस्टरात तसं लिहिलंय.

आत्या

◆

काशी, २४ ऑगस्ट २०२४

आत्या,

कसली ग तुमची पायरी! त्याचं बोट तिथेच मोडलं, त्याच्या पोरीचं तिथेच. एवढी पोरं पडतात तर तिथे हॉस्पिटल काढा.

तू खोटं बोलते आहेस. 'पोरं पडतात' असं तुझ्यासारखी बाई लिहीत नाही. तू लिहिलं असतंस, 'मेल्याला चालता येत नव्हतं.'

मी स्वतःलाही सोडत नाही. त्या पोरीने जुलैतच लिहिलं होतं. मी वाचलं, 'व्हेरी ब्रेव्ह' लिहिलं आणि पान उलटलं. माझा नियम, माझी अक्कल! तिच्या बोटात माझाही वाटा आहे. हे मी समितीत उभी राहून सांगणार आहे. पोरांनी काल दहाच्या दहा कॉप्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. म्हणाली, आमची पानं पण दाखवा. मी म्हटलं, मी वचन दिलंय. तर शार्दूल म्हणतो, "वो रूल गलत था मॅडम. बदल दीजिए." त्यांनी हात वर करून नवा नियम केला, मारल्याचं कुणी लिहिलं तर मॅडमने गप्प बसायचं नाही.

दहा पोरांना जे कळलं ते तुला चौऱ्याहत्तर संपूनही कळत नसेल तर तो फोटो मी उतरवते.

निवेदिता

◆

नागपूर, २७ ऑगस्ट २०२४

निवेदिता,

प्रवास झेपत नाही, कंबर उठू देत नाही. खालचं समितीत मोठ्याने वाच. विश्वजीत तिथे असेल तर त्याच्यासमोर वाच. सोबतच्या पार्सलात रूळ आहे. तो टेबलावर ठेव आणि मग सुरुवात कर.

मी प्रेमला, या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. रुचीच्या कॉपीवरच्या खुणा माझ्या पद्धतीच्या आहेत. चौकटीतला आकडा म्हणजे बोटांवर मारायच्या रुळांची संख्या. हे माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला माहीत आहे.

१९९५ साली विश्वजीत चौदा वर्षांचा होता. वर्गात सगळ्यांत हुशार. मी 'आमच्या बाई' असा निबंध घातला. बाकीच्यांनी मी किती छान शिकवते ते लिहिलं. त्याने लिहिलं, 'आमच्या बाईंच्या दंडावर निळे डाग असतात. बाई आमच्या चुका मोजतात. बाईंच्या चुका घरी कोण मोजतं?'

ते खरं होतं. माझे यजमान मला मारत असत. हे माझ्या सख्ख्या भावालाही माहीत नव्हतं आणि त्या पोराने ते बघितलं होतं. त्या निबंधात नऊ चुका होत्या. मी गोल काढले, चौकटीत नऊ लिहिलं, आणि नवावर थांबले नाही. त्याचा हात बाकावर धरून मी मारत राहिले. हाड मोडल्याचा आवाज पहिल्या बाकापर्यंत गेला. त्यानंतरही मी दोन मारले. तो रडला नाही, माझ्या दंडाकडे बघत होता.

ढुंढिराज हेडमास्तर होते. त्यांनी सांगितलं, घाटाच्या पायरीवर पडला म्हणून लिहू या. मी मान डोलावली. त्याच्या आईने मला लाडू आणून दिले, पोराला दवाखान्यात नेल्याबद्दल. ते मी खाल्ले. विश्वजीत नंतर दहावीच्या इंग्रजीच्या पेपरला कोरी कॉपी देऊन आला.

मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. पण पोरीला त्या घरी पाठवू नका. तो थांबणार नाही, कारण मी थांबले नव्हते.

प्रेमला

◆

काशी, ३ सप्टेंबर २०२४

ती. आत्या,

वाचलं. सगळं वाचलं.

बैठक आपल्याच वर्गात होती. पोरं मागे बाकांवर उभी, रुचीला मी हॉस्पिटलातून परवानगी काढून आणलं होतं, हाताला एवढं मोठं बँडेज. दारोगा दाराशी. मी रूळ टेबलावर ठेवला आणि विश्वजीतचा चेहराच उतरला. त्याने तो ओळखला.

'हाड मोडल्याचा आवाज' इथपर्यंत आले आणि ढुंढिराजकाकांनी टेबलावर मूठ आपटली. "बास! म्हातारीचं डोकं फिरलंय. पुढे वाचायचं नाही." मी कागद खाली केला. तेवढ्यात मागून रुची म्हणाली, अगदी हळू, "सर, वाक्य पूरा होने दीजिए." मग शार्दूल तेच म्हणाला. मग सगळी पोरं. तोच वर्गाचा नियम ग, पर्चीवरचा. मी पुढे वाचलं. पायरीचं वाक्य आलं तेव्हा काका उठून गेले. घाईत दुसऱ्याच्या चपला घालून गेले.

शेवटच्या ओळीला विश्वजीत उठला. रूळ उचलला आणि तुझ्या फोटोवर घातला. काच सगळीकडे उडाली, त्याच्याही कपाळात घुसली. तो मारतच राहिला, चौकट मोडली, भिंतीचा पोपडा पडला, आणि तो ओरडत होता, "नौ थे! नौ ही थे!" मग तोच रूळ घेऊन तो रुचीकडे वळला. ती जागची हलली नाही. नंदा मधे आली. तिने दोन्ही हातांनी रूळ धरला, त्याने हिसडा दिला, तिच्या तळहाताची सालटी निघाली, पण तिने सोडला नाही. आणि दारोगाकडे न बघताच बोलली, "नहीं गिरी थी. इन्होंने मारा है. मुझे भी." दारोगाने त्याला धरलं. जाताना तो पोरासारखा रडत होता. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

रुची आणि नंदा मामाकडे आहेत. माझी नोकरी राहिली की नाही ते अजून ठरलेलं नाही, पण सोमवारी मी वर्गावर गेले आणि कुणी अडवलं नाही. पोरांनी शनिवारच्या सहीचा नियम काढून टाकला. रूळ चौकीत जमा आहे.

सोबत रुचीने डाव्या हाताने लिहिलेला कागद आहे, इंग्रजीत. तू वाचशीलच, पण अक्षर फार वाकडं आहे म्हणून मराठी करून देते:

'प्रेमला मॅडम, माझी माफी मागू नका, माझं बोट तुम्ही तोडलं नाही. बाबांचं तोडलं, बाबांची मागा. ते जेलमध्ये आहेत. ते तुम्हाला शिव्या देतील, तरी मागा. दुसरी गोष्ट, तुम्हाला घरी कोण मारत होतं ते तुम्ही दोन ओळींत संपवलं. आमच्या वर्गात पूर्ण पान लिहावं लागतं. तुमचं पान या शनिवारपर्यंत पाठवा. चुका मोजणार नाही. सही लागत नाही.'

निवेदिता